एका वर्षात ग्रॅच्युइटी खरंच मिळते का? राजीनामा देण्याआधी हे समजून घ्या

२१ नोव्हेंबर २०२५ ला देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्याच आठवड्यात रील्स आणि व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड सुरू झाले. 'पाच वर्षांची अट गेली, आता एक वर्ष नोकरी केली की ग्रॅच्युइटी.' अनेकांनी ते आपापल्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, काहींनी एचआरला मेल केले.

ही माहिती अर्धवट आहे. अर्धवट माहितीवर राजीनामा दिला तर हातात येणारे सत्तर-ऐंशी हजार रुपये जाऊ शकतात. कायमस्वरूपी नोकरीत असलेल्यांसाठी पाच वर्षांची अट आजही आहे. एका वर्षाची सवलत फक्त 'फिक्स्ड टर्म' म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर थेट कंपनीने नेमलेल्यांना आहे. तुमच्या नेमणूकपत्रात कराराची शेवटची तारीख लिहिलेली नसेल, तर तो फॉरवर्ड तुमच्यासाठी नाही.

पण या गोंधळाच्या मागे एक खरा प्रश्न आहे. पाच वर्षं एकाच ठिकाणी टिकणं ही १९७२ साली अगदी साधी गोष्ट मानली गेली होती. आज किती जण एका नोकरीत पाच वर्षं राहतात? आणि जे राहत नाहीत, त्यांच्या वाट्याचे पैसे कुठे जातात?

पाच वर्षांची अट आली कुठून?

पेमेंट ऑफ ग्रॅच्युइटी अ‍ॅक्ट संसदेने १९७२ साली केला. त्याआधी केरळने १९७० मध्ये आणि पाठोपाठ पश्चिम बंगालने आपापले कायदे केले होते. त्याही आधी ग्रॅच्युइटी ही मालकाची मर्जी होती. इमानेइतबारे काम केलेल्या माणसाला निवृत्त होताना मालक खुशीने काही रक्कम द्यायचा, तिला बक्षिसीचं रूप होतं. कामगार संघटना औद्योगिक न्यायालयात गेल्या, निवाडे झाले आणि हळूहळू बक्षिसीचा हक्क झाला. पण मूळ कल्पना तीच राहिली, की हे पैसे 'दीर्घ सेवेबद्दल' आहेत. आणि दीर्घ म्हणजे किती, याचं कायद्याने दिलेलं उत्तर होतं किमान पाच वर्षं.

तेव्हा मुंबईच्या गिरणीत किंवा पिंपरीच्या कारखान्यात चिकटलेला माणूस तिथूनच निवृत्त होईल, असं गृहीत होतं. नोकरी 'लागायची', बदलायची नसे. गिरणगावात ज्यांची नोकरी पक्की नव्हती, त्यांना बदली कामगार म्हणत. पाळी सुरू होताना गेटवर उभं राहायचं आणि कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम मिळायचं. अशी वर्षानुवर्षं काढलेली माणसं होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा ही मागणीही त्यात होती. म्हणजे त्या काळातही 'एका नोकरीत किती काळ' हा प्रश्न दोन वेगळ्या माणसांसाठी दोन वेगळे अर्थ घेऊन यायचा. एकाला सोडायचं नव्हतं म्हणून तो राहिला, दुसऱ्याला कायम कुणी केलंच नाही.

आज लोक किती काळ टिकतात?

आयटी कंपन्या दर तिमाहीला 'अ‍ॅट्रिशन'चा आकडा जाहीर करतात. मागच्या बारा महिन्यांत किती टक्के कर्मचारी स्वतःहून सोडून गेले, ते यातून कळतं. कोव्हिडनंतर या क्षेत्रात माणसांची पळवापळवी सुरू झाली, तेव्हा एप्रिल ते जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसचा हा आकडा २८.४ टक्क्यांवर गेला होता. टीसीएसमध्ये तो त्याच वर्षी जुलै-सप्टेंबरमध्ये २१.५ टक्के झाला. नंतर नव्या संधी आटल्या आणि २०२५ मध्ये दोन्ही कंपन्यांचा आकडा १४ टक्क्यांच्या आसपास आला.

या टक्केवारीचा पाच वर्षांशी संबंध लावून पाहू. एखाद्या कंपनीतून दरवर्षी २८ टक्के लोक जात राहिले आणि प्रत्येकाची जाण्याची शक्यता सारखीच धरली, तर आज रुजू झालेल्या १०० जणांपैकी पाच वर्षांनी जेमतेम १९ उरतील. दर १४ टक्के धरला तर ४७ उरतील. हा ढोबळ हिशोब आहे. प्रत्यक्षात नवे लोक जास्त वेगाने जातात आणि जुने टिकून राहतात, त्यामुळे नव्यांचं चित्र याहून थोडं वाईटच असणार. मुद्दा इतकाच, की मंदावलेल्या बाजारातही निम्म्याहून अधिक नवे लोक पाच वर्षांची रेषा ओलांडत नाहीत.

तरुण पिढीला धरसोडीची सवय लागली आहे, हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं. त्यात फारसं तथ्य नाही. अमेरिकेचं कामगार सांख्यिकी कार्यालय दर दोन वर्षांनी लोक आपल्या सध्याच्या नोकरीत किती काळ आहेत ते मोजतं. जानेवारी २०२४ मध्ये तिथला मध्यांक ३.९ वर्षं होता, म्हणजे निम्मे लोक सध्याच्या नोकरीत त्याहून कमी काळ होते. २००२ नंतरचा हा सर्वांत कमी आकडा. पण वयाप्रमाणे पाहिलं तर २५ ते ३४ वयोगटात तो २.७ वर्षं आणि ५५ ते ६४ वयोगटात ९.६ वर्षं होता. तरुण माणूस नोकऱ्या बदलतो, कारण त्या वयात पगार वाढवायचा तोच सगळ्यात जलद रस्ता असतो. पुढे घराचे हप्ते, मुलांची शाळा, आईवडिलांची दुखणी आली की तोच माणूस एका जागी बसतो.

आपल्याकडे या चित्राला आणखी एक बाजू आहे. इथे 'लोक किती काळ राहतात' यापेक्षा 'लोकांना किती काळ ठेवतात' हा प्रश्न मोठा आहे. वार्षिक उद्योग पाहणीनुसार संघटित कारखान्यांतल्या कामगारांपैकी सुमारे ४० टक्के आज कंत्राटदारामार्फत आलेले असतात. शतकाच्या सुरुवातीला हे प्रमाण याच्या निम्म्यावर होतं. सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीत तर नियमित पगारी नोकरी असलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक जणांकडे लेखी करारच नसल्याचं वर्षानुवर्षं दिसतं. कागदच नसेल तर पाच वर्षं मोजायची कशी?

चार वर्षांनी सोडलं तर पैसे कुणाचे?

आता सीटीसीकडे वळू. ऑफर लेटरच्या तक्त्यात शेवटच्या ओळींत 'ग्रॅच्युइटी' असते आणि ती बहुतेक वेळा मूळ पगाराच्या ४.८१ टक्के असते. हा आकडा कायद्यातल्या सूत्रातून येतो. शेवटच्या महिन्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. महिन्यात ३० ऐवजी २६ दिवस धरायचे, कारण रविवार सोडले तर कामाचे दिवस तितकेच उरतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिग्विजय वुलन मिल्सच्या प्रकरणात ही रीत मान्य केली आणि त्यामुळे कामगाराची रक्कम थोडी वाढली.

मूळ पगार ३०,००० रुपये असेल तर एका वर्षाची ग्रॅच्युइटी होते १७,३०८ रुपये. पाच वर्षांची ८६,५३८. पण तुम्ही चार वर्षांनी सोडलं, तर सीटीसीच्या कागदावर दर महिन्याला दिसणारी ती १,४४३ रुपयांची ओळ, एकूण सुमारे ६९,००० रुपये, तुम्हाला मिळत नाहीत. ते कंपनीकडेच राहतात.

यात बेकायदेशीर काही नाही. कंपन्या ग्रॅच्युइटीची तरतूद करताना विमागणितज्ञांकडून हिशोब करून घेतात आणि त्या हिशोबात किती टक्के लोक आधीच सोडून जातील हे गृहीतक धरलेलंच असतं. म्हणजे तुमचं लवकर जाणं ताळेबंदात आधीच बसवलेलं असतं. कायद्याने ठीक असलं, तरी जी रक्कम बहुतेक नव्या लोकांना मिळणारच नाही ती 'तुमचं वार्षिक पॅकेज' म्हणून दाखवणं कितपत प्रामाणिक आहे, हा प्रश्न उरतोच. दोन ऑफरची तुलना करताना ही ओळ वजा करून पाहावी.

भविष्य निर्वाह निधीचं, म्हणजे पीएफचं तसं नाही. २०१४ पासून यूएएन आला आणि पीएफ माणसाबरोबर फिरू लागला. चार नोकऱ्या बदलल्या तरी खातं एकच राहतं. पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षंही वेगवेगळ्या नोकऱ्यांची मिळून धरली जातात. ग्रॅच्युइटी मात्र प्रत्येक मालकाकडे शून्यापासून सुरू होते. सोळा वर्षं एकाच कंपनीत राहून शेवटी ६०,००० मूळ पगारावर बाहेर पडणाऱ्याला साडेपाच लाखांहून अधिक मिळतात. त्याच सोळा वर्षांत चार-चार वर्षांच्या चार नोकऱ्या करणाऱ्याला एक रुपयाही नाही.

मग थांबायचं का?

दरवेळी नाही. समजा तुमची साडेचार वर्षं झाली आहेत आणि नव्या ठिकाणी महिन्याला १५,००० रुपये जास्त मिळणार आहेत. मूळ पगार ३०,००० असेल तर ८६,५३८ रुपयांच्या ग्रॅच्युइटीसाठी पावणेसहा महिने थांबणं परवडतं. पगारवाढीवर आयकर लागेल आणि ग्रॅच्युइटीवर २० लाखांपर्यंत लागत नाही, हे धरलं तर आणखी थोडं. दीड-दोन वर्षं बाकी असतील तर केवळ ग्रॅच्युइटीसाठी खुर्चीला चिकटून बसणं तोट्याचं आहे. एचआरवाले अनेकदा याच्या उलट पटवतात, तेव्हा कागद-पेन घ्यावा.

साडेचार वर्षांवरून आणखी एक गैरसमज आठवतो. कायद्यात सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून साडेचार वर्षांची पाच होतात, असं अनेकांना वाटतं. ते चूक आहे. सहा महिन्यांचा नियम रक्कम मोजताना लागतो. आठ वर्षं सात महिने झाले असतील तर नऊ वर्षांची रक्कम मिळते. पात्र ठरण्यासाठी मात्र आधी पाच वर्षांची सलग सेवा हवी.

'सलग सेवा' कशाला म्हणायचं, इथे एक फट आहे. एखाद्या वर्षात २४० दिवस काम झालं असेल तर ते वर्ष पूर्ण धरावं, असं कायदा म्हणतो. खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्यांना आणि आठवड्यात सहापेक्षा कमी दिवस चालणाऱ्या आस्थापनांना ही मर्यादा १९० दिवसांची आहे. याचा आधार घेऊन मद्रास उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मेट्टूर बिअर्डसेल प्रकरणात चार वर्षं आणि पाचव्या वर्षातले २४० दिवस पुरेसे मानले. सोशल मीडियावर फिरणारं 'चार वर्षं आठ महिने' हे सूत्र तिथूनच आलं. अनेक कंपन्या ते मानतात, अनेक मानत नाहीत. न मानणाऱ्या कंपनीशी ऐंशी हजारांसाठी भांडत बसायची तयारी नसेल, तर आधी एचआरकडून लेखी उत्तर घ्यावं आणि मगच राजीनाम्याची तारीख टाकावी.

बाळंतपणाची रजाही सलग सेवेत धरली जाते, २६ आठवड्यांपर्यंत. 'तुम्ही मध्ये सहा महिने नव्हता' असं सांगून कुणी वर्ष कापत असेल तर ते कायद्याविरुद्ध आहे. आणि कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला किंवा तो काम करण्यास कायमचा असमर्थ झाला, तर पाच वर्षांची अटच नाही. एका वर्षाच्या आत मृत्यू झाला तरी कुटुंबाला हक्क आहे. हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसतं.

एका वर्षाची सवलत नेमकी कुणाला?

आता त्या फॉरवर्डमधल्या खऱ्या भागाकडे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० या दोन्हींमध्ये फिक्स्ड टर्म कर्मचाऱ्याला वेगळं स्थान आहे. त्याला त्याच कामावरच्या कायम कर्मचाऱ्याइतकाच पगार, तितकेच तास आणि तेच भत्ते द्यावे लागतात. करारावर एक वर्ष काम झालं की काळाच्या प्रमाणात ग्रॅच्युइटीही द्यावी लागते. मूळ पगार २०,००० असेल तर एका वर्षाच्या करारानंतर ११,५३८ रुपये.

ही तरतूद आकाशातून पडलेली नाही. केंद्राने २००३ मध्ये मुदतीच्या नोकरीला नियमांत जागा दिली, २००७ मध्ये ती काढून घेतली, २०१६ मध्ये कपडे शिवणाऱ्या उद्योगासाठी परत आणली आणि मार्च २०१८ मध्ये सगळ्या क्षेत्रांना खुली केली. उद्योगांची मागणी होती, की हंगामी ऑर्डर येतात तेवढ्यापुरती माणसं थेट घेता यावीत, कंत्राटदाराच्या दलालीशिवाय. त्यात दम आहे. कंत्राटदाराच्या हाताखाली राबणाऱ्यापेक्षा थेट कंपनीच्या करारावर असलेला कामगार बऱ्या स्थितीत असतो, पीएफचे हप्ते खात्यात पडतायत की नाही यासाठी त्याला दोन दारं ठोठवावी लागत नाहीत.

पण नाण्याची दुसरी बाजू फॉरवर्डमध्ये येत नाही. कायम कामगाराला कपातीत काढायचं असेल तर नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. मुदतीचा करार संपून नोकरी गेली, तर नव्या संहितेनुसार ती 'कपात' मानलीच जात नाही, म्हणून ही भरपाईही नाही. करार किती वेळा वाढवता येईल यावर संहितेत मर्यादा घातलेली नाही. जर्मनीत विशेष कारणाशिवाय दिलेला मुदतीचा करार जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो आणि त्यात तीनदाच मुदतवाढ देता येते. तशी कुंपणं आपल्याकडे नसल्यामुळे एका वर्षाची ग्रॅच्युइटी ही काही जणांच्या बाबतीत कायम नोकरीची किंमत ठरू शकते. दरवर्षी अकरा-साडेअकरा हजार देऊन मालक सुटला, असं.

आणि करार अकरा महिन्यांचाच केला तर? तेव्हा एका वर्षाची अटही पूर्ण होत नाही. अकरा महिने काम, मग काही दिवसांचा 'खंड', मग नवं नेमणूकपत्र, ही युक्ती महाराष्ट्रातल्या सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांतल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सांगायला नको. विशेष म्हणजे अशा युक्तीवर महाराष्ट्रात १९७१ पासून कायदा आहे. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणाऱ्या त्या अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत लिहिलं आहे, की कामगारांना वर्षानुवर्षं बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरतं ठेवून कायमपणाच्या हक्कापासून वंचित करणं ही अनुचित प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या उमादेवी निकालात सरकारी सेवेत मागच्या दाराने कायम करण्याला चाप लावला होता. पण २००९ मध्ये एसटी महामंडळाच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं, की अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालय कायम करण्याचा आदेश देऊ शकतं. नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या अनुसूचीतही अशी प्रथा अनुचितच मानलेली आहे. कागदावर संरक्षण आहे, मात्र ते मिळवायला पगारी माणसाला वकील लावून वर्षानुवर्षं तारखा घ्याव्या लागतात.

कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या सुरक्षारक्षकाची किंवा हाऊसकीपिंगच्या मावशींची अवस्था आणखी अवघड. गेट तेच, गणवेशावरचं नाव फक्त बदलतं. दोन-तीन वर्षांनी नवं टेंडर निघतं, नवा ठेकेदार येतो आणि मागची वर्षं मोजायला तयार नसतो. दहा वर्षं एकाच इमारतीत काढलेली बाई कागदावर दोन वर्षांची नवी कर्मचारी असते. नव्या संहितेतल्या एका वर्षाच्या सवलतीत ती बसत नाही, कारण ती कंपनीने थेट नेमलेली फिक्स्ड टर्म कर्मचारी नाही.

नव्या संहितेत सगळ्यांसाठी काय बदललं?

एक मोठी गोष्ट बदलली, आणि ती एका वर्षाच्या गोंगाटात मागे पडली. 'वेतन' कशाला म्हणायचं याची व्याख्या आता चारही संहितांत एकसारखी आहे. घरभाडे, प्रवास असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग वेतनात मिळवला जातो. अनेक कंपन्या मूळ पगार मुद्दाम ३०-३५ टक्क्यांवर ठेवत होत्या, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी कमी द्यावी लागते. महिना ६०,००० मोबदल्यात मूळ पगार २०,००० असेल तर दहा वर्षांची ग्रॅच्युइटी १,१५,३८५ रुपये होते. तोच आकडा ३०,००० धरला तर १,७३,०७७.

याचा भार किती मोठा आहे, हे कंपन्यांच्याच आकड्यांतून दिसलं. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ च्या तिमाहीत टीसीएसने नव्या संहितांपोटी दोन हजार कोटींहून अधिक, तर इन्फोसिसने बाराशे कोटींहून अधिक रुपयांची एकरकमी तरतूद दाखवली. पाच वर्षांची रेषा ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांना याचा थेट फायदा आहे. न ओलांडलेल्यांना काहीच नाही.

पत्रकारांसाठी मात्र संहितेने पाचाऐवजी तीन वर्षं ठेवली आहेत. म्हणजे पाच हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. ऑस्ट्रियाने तर ही रेघच पुसली. तिथे जुन्या पद्धतीत नोकरी सोडताना मिळणारी रक्कम किमान तीन वर्षं झाल्यावर आणि कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिला नसेल तरच मिळायची. २००३ पासून रुजू होणाऱ्यांसाठी मालक पगाराच्या १.५३ टक्के दरमहा एका स्वतंत्र निधीत भरतो आणि तो निधी माणसाबरोबर पुढच्या नोकरीत जातो. मालकावर एकदम मोठा बोजा येत नाही आणि ग्रॅच्युइटीसाठी कुणी नावडत्या नोकरीत अडकून पडत नाही. पीएफसाठी यूएएनची यंत्रणा आधीच उभी असलेल्या देशात असं करणं अशक्य नव्हतं. २९ कायदे मोडून चार संहिता करताना ही संधी होती, ती घेतली गेली नाही.

कंपनीला माणूस टिकवायचा असतो तेव्हा

नोकरीत किती काळ राहायचं यावर दुसऱ्या बाजूनेही दोर असतो. अनेक ठिकाणी रुजू होताना बाँड लिहून घेतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला भरती प्रक्रियेचा मोठा खर्च येतो आणि अट अवाजवी नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. याचा अर्थ प्रत्येक बाँड वैध आहे असा नाही. रक्कम किती, पद कोणतं, कंपनीने प्रशिक्षणावर खरंच काही खर्च केला का, हे सगळं पाहिलं जातं. ज्या फ्रेशरचा महिन्याचा पगारच २० हजार आहे त्याच्याकडून पाच लाखांचा बाँड लिहून घेणाऱ्या कंपनीला या निकालाचा सरसकट आधार घेता येणार नाही.

पैसे मागायचे कसे?

किमान दहा माणसं असलेल्या आस्थापनांना ग्रॅच्युइटीचे नियम लागू होतात, आणि एकदा लागू झाले की पुढे माणसं दहाच्या खाली गेली तरी सुटत नाहीत. दुकानं, शाळा, दवाखाने यात येतात. अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं.

रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत मालकाने ती चुकती करायची असते, उशीर झाला तर व्याजासह. गैरवर्तनाच्या कारणावरून ती पूर्ण किंवा अंशतः रोखता येते, पण त्यासाठी कर्मचाऱ्याला त्या कारणावरून नोकरीतून काढलेलं असावं लागतं आणि त्याची बाजू ऐकून घ्यावी लागते. राजीनामा देऊन गेलेल्याची ग्रॅच्युइटी 'नोटीस पिरियड पूर्ण केला नाही' म्हणून अडवून ठेवता येत नाही. नोटीसचा हिशोब वेगळा आहे.

नोकरी सोडताना नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, पीएफचं पासबुक आणि शेवटच्या दिवसाचं पत्र यांच्या प्रती आपल्या खासगी मेलवर असलेल्या बऱ्या, कारण ऑफिसचा लॅपटॉप परत केल्यावर त्या मागायला जागा नसते. आणि 'तुम्ही अर्जच केला नाही' हे उत्तर मिळालं, तर एक गोष्ट माहीत असू द्या. कर्मचाऱ्याने अर्ज केला असो वा नसो, ग्रॅच्युइटी किती होते ते ठरवून त्याला लेखी कळवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे.